अहवालाच्या पुढचे काम : डॉ. सुनीती सॉलोमन यांचे एचआयव्ही-संशोधन

भारतात एचआयव्हीचा संसर्ग पोहोचला आहे, हे पहिल्यांदा १९८६ मध्ये सिद्ध झाले. मद्रास मेडिकल कॉलेजातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी गोळा केलेल्या रक्तनमुन्यांतून ते कळले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. चामड्याचा व्यापार करणाऱ्या मद्रासच्या मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आठ भावंडांत त्या सातव्या आणि एकट्याच मुलगी. बहुतेक ठिकाणी त्यांचे नाव १९८६ च्या त्या शोधापुरतेच घेतले जाते. पण पुढची जवळजवळ तीस वर्षे त्यांनी ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, तो त्या शोधाहून मोठा होता. प्रयोगशाळेने ‘बाधित’ असा अहवाल दिला की त्या माणसाचे, त्याच्या बायकोचे आणि पोटातल्या बाळाचे पुढे काय होते, हा तो प्रश्न. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे काम अहवालावर सही करून संपते, असे मानण्याच्या काळात त्यांनी तो आपल्या विषयाचाच भाग मानला.

वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र ही रुग्णाला सहसा न दिसणारी शाखा आहे. थुंकी, रक्त, लघवी, पू, पाठीच्या मणक्यातून काढलेले पाणी असे नमुने वॉर्डातून येतात. त्यांत कोणता जिवाणू, विषाणू, बुरशी किंवा परजीवी आहे आणि त्यावर कोणते औषध चालेल, हे ठरवायचे असते. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे एमडी करून डॉक्टर या शाखेत येतात. एकेका रुग्णाचे निदान हे त्यांचे रोजचे काम. त्याच निदानांची बेरीज केली की गावात, शहरात, देशात कोणता रोग शिरतो आहे याची पहिली खूणही याच टेबलावर उमटते. ती खूण ओळखायची तर शोधायला आधी निघावे लागते, कारण ज्या रोगाची चाचणीच होत नाही तो रोग अहवालात कधीच येत नाही.

सुनीतीबाईंनी वैद्यकीय शिक्षण मद्रास मेडिकल कॉलेजात घेतले. तिथेच त्यांची गाठ सॉलोमन व्हिक्टर यांच्याशी पडली. ते पुढे नामवंत हृदयशल्यविशारद झाले. लग्नानंतर इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात सुनीतीबाईंनी विकृतिशास्त्राचे प्रशिक्षण घेतले. आपल्या कामाची गरज भारतात अधिक आहे, या विचाराने दोघे १९७३ मध्ये परतले. मग त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात उच्च पदवी मिळवली आणि आपल्याच कॉलेजात शिकवायला लागल्या. त्यांना वाचनाची सवय होती आणि परदेशी नियतकालिकांवर नजर असे. त्यांच्या पुढच्या कामाचे मूळ या सवयीतच आहे.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या साथरोग-नियंत्रण संस्थेच्या साप्ताहिकात लॉस एंजलिसमधल्या पाच तरुणांची नोंद छापून आली. एरवी निरोगी असलेल्या या पुरुषांना एक दुर्मीळ न्यूमोनिया झाला होता. एड्सची ही पहिली छापील नोंद. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रांस्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने त्यामागचा विषाणू, म्हणजेच एचआयव्ही, वेगळा केला, १९८५ मध्ये रक्तचाचणी बाजारात आली. चार वर्षांत एक अनोळखी रोग चाचणीने ओळखता येण्याजोगा झाला होता.

भारतात मात्र हा पाश्चात्त्यांचा आजार समजला जाई. इथे त्याला थारा मिळणार नाही, असे वर्तमानपत्रांपासून अधिकाऱ्यांपर्यंत अनेकांना वाटे. त्याला एक आधारही होता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जोखमीच्या गटांतील शेकडो जणांचे रक्त तपासून झाले होते आणि त्यात कोणी बाधित सापडले नव्हते. मुंबईसारख्या बंदराच्या शहराजवळ काही मिळत नसेल, तर सोवळ्या समजल्या जाणाऱ्या मद्रासमध्ये काय मिळणार, असे म्हणणे सोपे होते.

‘सापडला नाही’ आणि ‘नाही’ यांतले अंतर समजून घेण्यासाठी थोडे गणित करावे लागते. एखाद्या गटात शंभरात एक जण बाधित असेल आणि आपण शंभर जणांचे रक्त तपासले, तर एकही बाधित न सापडण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. म्हणजे जवळजवळ दर तीन पाहण्यांत एक पाहणी रिकाम्या हाताने परत येईल, रोग तिथे असूनही. तेच प्रमाण शंभरात सहा असेल, तर शंभर नमुन्यांत काहीच न मिळण्याची शक्यता हजारात दोनाइतकी कमी होते. संसर्ग नुकताच शिरत असताना तो सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. कुठे अजिबात नाही, तर कुठे एखाद्या वस्तीत झपाट्याने वाढलेला, असे चित्र असते. म्हणून किती नमुने घेतले याइतकेच ते कुठून घेतले यालाही महत्त्व असते.

१९८५ च्या अखेरीस निर्मला यांना पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय हवा होता. सॉलोमन यांनी एचआयव्हीचा शोध घेण्याचे सुचवले. अमेरिकेत आधी समलिंगी पुरुषांत हा रोग दिसला होता, पण भारतात असे संबंध उघड नसल्याने त्या मार्गाने जाणे अवघड होते. म्हणून वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे रक्त तपासायचे ठरले. मद्रासमध्ये मुंबईच्या कामाठीपुऱ्यासारखी ठरावीक वस्ती नव्हती. पोलिसांनी पकडलेल्या स्त्रियांना ठेवत त्या सरकारी सुधारगृहात जाऊन निर्मला यांनी नमुने घेतले. हातमोजे किंवा इतर संरक्षण नव्हते. रक्तातून रक्तद्रव वेगळा करायला सॉलोमन यांनी पतीच्या मदतीने छोटी प्रयोगशाळा उभी केली. गोळा झालेला रक्तद्रव निर्मला आपल्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवत. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाला जन्म देणाऱ्या या संशोधनाची साधने इतकी तुटपुंजी होती.

चाचणीची सोय मद्रासमध्ये नव्हती. ती होती वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात, डॉ. जेकब जॉन यांच्या विषाणू विभागात. फेब्रुवारी १९८६ मध्ये निर्मला पतीसह रात्रीच्या गाडीने बर्फाच्या डब्यात नमुने घेऊन काटपाडीला उतरल्या. वेल्लोरला जॉर्ज बाबू आणि एरिक सिमोज यांनी त्यांना मदत केली. चाचणी होती एलायझा.

एलायझा विषाणूला पाहत नाही. शरीराने त्याविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडे शोधते. प्लास्टिकच्या ताटलीत लहान लहान खळगे असतात आणि त्यांच्या तळाशी विषाणूची प्रथिने चिकटवलेली असतात. त्यात रुग्णाचा रक्तद्रव घालतात. त्या विषाणूची प्रतिपिंडे रक्तात असतील तर ती प्रथिनांना जाऊन धरतात. बाकीचे धुऊन टाकले की फक्त तीच उरतात. मग विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालतात, ते पहिल्याला चिकटते. शेवटी असे रसायन घालतात की विकर असेल तिथेच रंग येतो. धुण्यात हयगय झाली, तापमान घसरले, वेळ चुकली, तर निकाल बिघडतो. त्या दिवशी चाचणी चालू असताना मधेच वीज गेली होती. ती परत आल्यावर ताटली पाहिली, तेव्हा सहा खळगे पिवळे झाले होते.

अशा वेळी अनुभवी माणूस आधी चाचणीवरच संशय घेतो, आणि ते योग्यही आहे. समजा, एखादी चाचणी निरोगी माणसांपैकी ९९ टक्क्यांना बरोबर ‘निरोगी’ म्हणते. दहा हजारांत दहाच जण खरे बाधित असलेल्या समाजात ती वापरली, तर ते दहा सापडतील आणि त्यांच्याबरोबर सुमारे शंभर निरोगी माणसांवरही ‘बाधित’ असा शिक्का बसेल. रोग जितका विरळ, तितका एकट्या चाचणीचा होकार कमी विश्वासाचा. भारतात तो किती विरळ आहे हे तर कुणालाच माहीत नव्हते. म्हणून वेगळ्या तत्त्वावरची दुसरी चाचणी, वेस्टर्न ब्लॉट, आवश्यक होती. तीत विषाणूची प्रथिने आकारानुसार वेगळी करून कागदासारख्या पट्टीवर उतरवतात आणि रक्तातली प्रतिपिंडे नेमक्या कोणकोणत्या प्रथिनांना धरतात ते पाहतात. नमुने अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाकडे गेले आणि निष्कर्ष कायम राहिला. १९८७ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये तो प्रसिद्ध झाला. सिमोज, बाबू, जॉन, निर्मला, सॉलोमन आणि हॉपकिन्सचे थॉमस क्विन ही लेखकांमधली नावे. त्याआधीच, मे १९८६ मध्ये, तमिळनाडूचे आरोग्यमंत्री एच. व्ही. हंडे यांनी विधानसभेत ही बातमी दिली होती. निर्मला यांनी प्रबंध पूर्ण केला, पुढे मद्रासच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी धरली आणि तिथूनच निवृत्त झाल्या. अनेक वर्षे या शोधाच्या गोष्टीत त्यांचे नाव कुठे येतच नव्हते. नमुना गोळा करणाऱ्या हातांना विज्ञानाच्या इतिहासात जागा मिळायला असाच उशीर होतो.

ज्या स्त्रियांच्या रक्तातून हे कळले त्यांच्या वाट्याला काय आले, हाही या इतिहासाचा भाग आहे. कैदेत असलेल्या माणसाची संमती खरोखर मोकळी असते का, हा प्रश्न आजच्या संशोधन-नीतीत सर्वांत आधी विचारला जातो. १९८६ मध्ये तो कुणी विचारला नाही. चाचणीआधी समजावून सांगणे, निकाल गुप्त ठेवणे या पद्धती तेव्हा भारतात नव्हत्या. पुढे मद्रासमध्ये बाधित आढळलेल्या स्त्रियांना सुधारगृहातच अडकवून ठेवले गेले. पत्रकार श्यामला नटराज यांनी न्यायालयात धाव घेतल्यावर १९९० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांची सुटका करवली. गोव्यात त्याच सुमारास डॉमिनिक डिसूझा या तरुणाच्या बाबतीत असेच घडले. रक्तदानानंतर तो बाधित असल्याचे कळले आणि १९८९ मध्ये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्याला म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवले. स्पर्शाने न पसरणाऱ्या संसर्गासाठी माणसाला कोंडण्याला वैद्यकीय आधार अजिबात नव्हता. अहवाल बरोबर असूनही त्याचा वापर इतका क्रूर होऊ शकतो, हे त्या चार-पाच वर्षांत भारताने पाहिले.

सॉलोमन यांच्या कामाने या काळात वळण घेतले. १९८८ ते १९९३ त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजातच एड्स साधनगट चालवला. चाचणी, समुपदेशन आणि माहिती या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र होत्या. डॉक्टर बाधित रुग्णाला हात लावायला तयार नसत, शस्त्रक्रिया नाकारल्या जात. १९९३ मध्ये सॉलोमन यांनी सरकारी चौकटीबाहेर पडून वडिलांच्या नावाने संस्था काढली : वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन व शिक्षण केंद्र. वायआरजी केअर या नावाने ती जगभर ओळखली जाते. स्वेच्छेने चाचणी, तिच्या आधी आणि नंतर समुपदेशन, दवाखाना, प्रयोगशाळा आणि संशोधन विभाग तिथे एका छपराखाली आले. रुग्ण उपचाराला येई, त्याच्या संमतीने त्याची नोंद होई आणि हजारो नोंदींतून भारतीय रोगाचे भारतीय चित्र तयार होई.

हे चित्र महत्त्वाचे होते, कारण तोवरची पाठ्यपुस्तके पाश्चात्त्य रुग्णांवर लिहिलेली होती. एचआयव्ही हा विषाणू शरीराच्या संरक्षणातील सीडी४ या पांढऱ्या पेशींत शिरतो, आपली आनुवंशिक माहिती त्या पेशीच्या डीएनएत मिसळतो आणि त्यांची संख्या वर्षानुवर्षे घटवत नेतो. त्या पुरेशा कमी झाल्या की शरीरात दबा धरून असलेले किंवा आसपास वावरणारे इतर जंतू डोके वर काढतात. ते जंतू कोणते, हे मात्र देशावर अवलंबून असते. अमेरिकेत न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया ही एड्सची खूण होती. वायआरजी केअरमधील ५९४ रुग्णांचा आढावा डॉ. एन. कुमारसामी, सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात फुप्फुसांचा क्षय ४९ टक्के रुग्णांत आढळला. न्यूमोसिस्टिस फक्त ६ टक्क्यांत, बुरशीमुळे होणारा क्रिप्टोकॉकल मेंदूज्वर ५ टक्क्यांत. ज्या देशात क्षयाचा जिवाणू कोट्यवधी लोकांच्या शरीरात सुप्त असतो, तिथे एचआयव्हीचा पहिला परिणाम क्षय होऊन दिसणार, हे तर्काने सांगता आले असते. आकडे हाती आल्यावर मात्र त्यावरून धोरण ठरवता आले. आज क्षयरुग्णाची एचआयव्ही चाचणी आणि एचआयव्हीबाधिताची क्षयासाठी विचारपूस हे दोन्ही सरकारी कार्यक्रमांचे नियम आहेत.

दुसरा धक्का घरातून आला. वायआरजी केअरमध्ये आलेल्या १३४ बाधित स्त्रियांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या बहुसंख्य गृहिणी होत्या आणि ८८ टक्के स्त्रियांनी आयुष्यात एकच जोडीदार असल्याचे सांगितले. पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच हे दाखवले होते. कोविडच्या काळात रोजच्या सरकारी पत्रकार परिषदांतून घराघरात ओळखीचे झालेले हेच ते गंगाखेडकर. पुण्यातील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के बाधित होत्या. त्यांतल्या बहुतेकींना नवऱ्याखेरीज दुसरा संबंध नव्हता. ‘जोखमीचा गट’ या शब्दाने समाजाने स्वतःभोवती आखलेली रेघ या दोन अभ्यासांनी पुसली. निष्ठेने संसार करणाऱ्या बाईला संरक्षण मागण्याचाही अधिकार नसतो, हे त्यांतून जितके स्पष्ट झाले तितके भाषणांतून क्वचितच झाले असेल.

उपचाराचा मार्ग १९९६ नंतर मोकळा झाला, पण तीन औषधांच्या त्या मिश्रणाचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तेच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली. भारतीय बनावटीच्या औषधांचा गुण कसा येतो, त्रास कोणते होतात, रुग्ण ती मध्येच का सोडतात, याच्या नोंदी वायआरजी केअरसारख्या केंद्रांनी ठेवल्या. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी, म्हणजे हीच विषाणूरोधक औषधे, सुरू झाली. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते.

वायआरजी केअरचा एक प्रयोग फसला, आणि तो सांगितलाच पाहिजे. पाच देशांत चाललेल्या एका मोठ्या चाचणीत चेन्नईच्या वस्त्यांतल्या दारूच्या दुकानांना केंद्र धरले होते. तिथे रोज येणाऱ्या लोकांत ज्यांचा शब्द मानला जातो, अशा माणसांना तयार करायचे आणि त्यांच्या बोलण्यातून इतरांच्या सवयी बदलतात का ते पाहायचे, अशी ती योजना होती. जोखमीचे वर्तन कमी झाले. पण ज्या ठिकाणी असा प्रयोग केलाच नव्हता, फक्त चाचणी आणि थोडी माहिती दिली होती, तिथेही ते तितकेच कमी झाले. योजनेचा वेगळा फायदा दिसला नाही. तुलनेचा गट ठेवला नसता, तर तिला यशस्वी म्हणून देशभर राबवले गेले असते.

याच्या उलट ‘एचपीटीएन ०५२’ या चाचणीने जगाचे उपचार-धोरण बदलले. नऊ देशांतील १७६३ जोडप्यांत एक जोडीदार बाधित आणि दुसरा निरोगी होता. भारतातून चेन्नईचे वायआरजी केअर आणि पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्यात सहभागी होती. निम्म्या बाधितांना लगेच औषधे दिली. उरलेल्यांना, त्या वेळच्या प्रचलित पद्धतीप्रमाणे, सीडी४ घसरेपर्यंत थांबवले. २०११ मध्ये निकाल आला तेव्हा ३९ जोडीदारांना नवा संसर्ग झालेला होता. तो घरातूनच आला की बाहेरून, हे सूक्ष्मजीवशास्त्राने सोडवले : दोघांच्या शरीरातील विषाणूंची जनुकीय रचना जुळवून पाहिली. २८ ठिकाणी ती जुळली. या २८ पैकी लगेच औषध मिळालेल्या गटातला संसर्ग एकच होता. म्हणजे लवकर उपचाराने जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी झाला. औषधाने रक्तातील विषाणू घटला की तो दुसऱ्याकडे जाण्याची शक्यताही फार कमी होते, हे सिद्ध झाले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये आणि भारताने २०१७ मध्ये सीडी४ची वाट न पाहता प्रत्येक बाधिताला उपचार देण्याचे ठरवले. एचआयव्हीबाधितांशी नोकरीत, शाळेत, रुग्णालयात भेदभाव करण्याला मनाई करणारा कायदाही २०१७ चाच.

बाधित तरुण-तरुणींची लग्ने जुळवण्याचे कामही सॉलोमन यांनी केले. पत्रिकेऐवजी सीडी४ आणि औषधे पाहून त्या स्थळे सुचवत. ‘लव्हसिक’ हा माहितीपट त्यावरच आहे. पतीचे २००६ मध्ये निधन झाल्यावरही त्या संस्थेत काम करत राहिल्या. २८ जुलै २०१५ रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने चेन्नईत त्यांचे निधन झाले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे चिरंजीव डॉ. सुनील सुहास सॉलोमन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात याच क्षेत्रात संशोधन करतात.

आज देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. जालन्यासारख्या जिल्ह्यात या संसर्गाच्या वाटा समजून घ्यायच्या तर रोजगाराच्या वाटा पाहाव्या लागतात. जालना शहर लोखंड आणि बियाण्यांच्या व्यापाराचे. तिथे मालमोटारींची ये-जा अखंड असते. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून उसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. मालमोटारींचे चालक आणि हंगामी स्थलांतर करणारे मजूर यांना राष्ट्रीय कार्यक्रमात जोडणारे गट मानतात, कारण संसर्ग शहरातून गावात याच मार्गांनी येऊ शकतो. अडचण उपचाराचीही असते. एआरटीची गोळी रोज, जन्मभर घ्यावी लागते. ती मधेच तुटली की विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद न देणारे प्रकार निपजतात. मुकादमाकडून उचल घेतलेला उसतोड मजूर महिन्याच्या महिन्याला गोळ्यांसाठी गावी येऊ शकत नाही. त्याला जास्त दिवसांच्या गोळ्या एकदम देणे किंवा कारखान्याजवळच्या केंद्रातून देणे हाच मार्ग असतो, आणि त्यासाठी टोळी निघण्याआधी त्याने केंद्रात सांगितलेले असावे लागते. निदान गावात कळेल, या भीतीने अनेक जण ते सांगत नाहीत.

चाचणीची व्यवस्था जिल्हा रुग्णालयापासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोहोचली आहे. तिथल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्राला सगळे आयसीटीसी म्हणतात. तिथे चाचणी मोफत होते आणि आधी व नंतर समुपदेशक बोलतात. बोटातून किंवा शिरेतून रक्त घेऊन वेगवेगळ्या बनावटीच्या तीन जलद चाचण्या एकामागून एक वापरतात. पहिलीत काही निघाले नाही तर तिथेच थांबतात. निघाले तर दुसरी आणि तिसरी करून तिन्ही जुळल्यावरच ‘बाधित’ म्हणतात. १९८६ मध्ये वेल्लोरहून बाल्टिमोरपर्यंत जो पडताळा घ्यावा लागला, तो आज तालुक्याच्या ठिकाणी अर्ध्या-पाऊण तासात होतो. नुकता संसर्ग झालेल्या माणसात प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून शंका असल्यास तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगतात.

प्रत्येक गरोदर बाईची ही चाचणी व्हावी, असा नियम आहे. काहीही उपचार न केल्यास बाधित आईपासून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर औषधे मिळाली तर ते ५ टक्क्यांच्या खाली येते. म्हणून आशा कार्यकर्ती आणि एएनएम नाव नोंदवतानाच बाईला चाचणीसाठी पाठवतात. आई बाधित निघाली तर तिला लगेच एआरटी सुरू होते आणि बाळाला जन्मल्याबरोबर नेव्हिरपिनचे सिरप देतात.

बाळाचे निदान मात्र आईसारखे करता येत नाही. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात येतात आणि काही महिने, कधी दीड वर्षापर्यंत, टिकतात. त्यामुळे प्रतिपिंडे शोधणारी चाचणी निरोगी बाळालाही बाधित ठरवू शकते. त्यासाठी विषाणूचेच जनुकीय द्रव्य शोधावे लागते. सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन खास गाळणकागदावर टिपतात, कागद वाळवतात आणि टपालाने संदर्भ प्रयोगशाळेला पाठवतात. पुण्याची पूर्वीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था ही त्यांपैकी एक. वाळलेल्या थेंबाला बर्फाचा डबा लागत नाही, म्हणून दूरच्या तालुक्यातूनही तो नमुना बिघडल्याशिवाय पोहोचतो. तिथे पीसीआर या तंत्राने विषाणूचे द्रव्य असल्यास त्याच्या असंख्य प्रती करून ते ओळखतात. द्रव्य सापडले तर बाळाला ताबडतोब औषधे सुरू करतात. सापडले नाही तरी, अंगावरच्या दुधातून संसर्गाचा धोका उरत असल्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा तपासतात. अठराव्या महिन्यात आईची प्रतिपिंडे गेलेली असतात. तेव्हा त्याच तीन जलद चाचण्या करून बाळाच्या निदानाची अखेरची नोंद होते.